नियंत्रण क्रमांक एक : मामाचं नाक

६ ऑगस्ट

तीर्थरूप मामा,

नमस्कार. वाकून केला आहे असं समज. या खोलीत वाकायला जागा नाही. पलंग संपला की टेबल सुरू होतं आणि टेबल संपलं की खिडकी.

तुझी भिंगरी विद्यार्थिनी झाली रे! वयाच्या छत्तिसाव्या वर्षी! पहिल्या दिवशी दारातल्या शिपायानं मला बघून सांगितलं, "मॅडम, शिक्षकांची खोली वरच्या मजल्यावर." मी गेलेसुद्धा. तिथे चहा आला, मी प्यायले, आणि मग एका गृहस्थांनी "आपण कुठला विषय शिकवता?" असं विचारल्यावर पळत खाली आले. वर्ग सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती.

वर्गात आम्ही अकरा जण आहोत. एक नर्स आहे, एक पूल बांधणारा इंजिनिअर, एक विमानतळावरचा सामानखात्याचा मुकादम. सगळे नोकरीत मुरलेले, त्यामुळे कुणी कुणाला घाबरत नाही. मी बारा वर्षं विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासले, म्हणजे घर जळाल्यावर वही घेऊन पोचणारी बाई. इथे घर जळायच्या आधी काय करायचं ते शिकवतात! जोखीम व्यवस्थापन हे नाव ऐकून तू म्हणाला होतास, "काळजी करण्याची पदवी मिळते का आता?" मिळते! आणि मला ती हवी आहे.

आता मुद्दा. आमच्या बाई आधी खाणीत सुरक्षा अधिकारी होत्या. आवाज अजून खाणीतलाच आहे. त्यांनी प्रत्येकाला एका खऱ्या कामाच्या जागेची जोखीम नोंदवही करायला सांगितली आहे. काय बिघडू शकतं, किती शक्यता, बिघडलं तर नुकसान किती, ते अडवायला आज काय नियंत्रण आहे, जबाबदार कोण, असे रकाने. मला तुझा बर्फाचा कारखाना हवा आहे. मालकांना विचार. शिवाय सहामाहीभर जे शिकू त्याचं चिंतनही लिहून द्यायचंय. मी विचारलं, "मामाला लिहिलेली पत्रं चालतील का?" त्या म्हणाल्या, "त्यात शिकलेलं दिसलं तर चालतील." तेव्हा उत्तर लिहूनच पाठव. फोनवर तू "हं" आणि "बरं" याच्या पुढे जात नाहीस.

तुझी,
भिंगरी


१७ ऑगस्ट

चिरंजीव भिंगरी,

आशीर्वाद. मालक हो म्हणाले. "भाचीला म्हणावं आमची अब्रू सांभाळून लिही," एवढीच अट.

तुला सगळं माहीत आहे, तरी वहीसाठी सांगतो. मी मिस्त्री धरून आम्ही तेरा माणसं. तीन कॉम्प्रेसर, मिठाच्या पाण्याची एक मोठी टाकी, तिच्यात पत्र्याचे साचे बुडवलेले. साच्यात पाणी भरायचं, लादी झाली की क्रेननं उचलायची, भुशात झाकून ठेवायची. भुशाचं खातं ज्या सांभाळतात त्यांना सगळे भुसाताई म्हणतात, आणि त्यांच्यापुढे मालकसुद्धा हळू बोलतात.

काय बिघडू शकतं? ओल्या फरशीवर पाय घसरतो. लादी पायावर पडते. त्याचं काय, बोंब होते आणि सगळे धावतात. खरी भीती अमोनियाची. तो नळांमधून फिरतो म्हणून बर्फ होतो. बाहेर आला आणि वेळेत कळलं नाही तर डोळे जातात, छाती जाते, माणूस जातो.

माझ्या नाकाबद्दल तुला वेगळं काय सांगू. सतरा वर्षांपूर्वी मी फाटकाबाहेर पानवाल्याशी बोलत उभा होतो आणि वारा आला तसा मला वास आला. आतल्या कुणालाही आला नव्हता. मी ओरडत आत गेलो, सगळ्यांना बाहेर काढलं, दोन मिनिटांत नळाचा जॉइंट फुटला. तेव्हापासून नवा माणूस आला की त्याला आधी मशीन दाखवत नाहीत, माझं नाक दाखवतात.

हल्ली रोज सकाळी मी गंधकाची वात पेटवून एकेका जॉइंटपाशी धरतो. गळती असेल तिथे पांढरा धूर उठतो. जुनी पद्धत आहे, मीच परत सुरू केली. वातीच्या वासानं बाकीचे खोकून बेजार होतात, भुसाताई पदर नाकाला लावून मला नाही नाही ते बोलतात. मला काही त्रास होत नाही.

मालक गळती ओळखणारी यंत्रं बसवायचं म्हणताहेत. वास आला की आपोआप भोंगा वाजतो अशी. तुझ्या वहीत त्यांची शिफारस ठळकपणे लिहिलीस तर बरं होईल. तुझ्या शब्दाला आता वजन आहे.

अभ्यास कर. शिक्षकांच्या खोलीतला चहा परत पिऊ नकोस.

मामा


२८ सप्टेंबर

प्रिय मामा,

बसला आहेस ना? बस. तुझी भाची वर्गात पहिली!

पहिल्या महिन्यात संख्याशास्त्रानं माझी पाचावर धारण बसवली होती. पूलवाला इंजिनिअर मला शिकवायचा आणि बदल्यात मी त्याला वाक्यं लिहून द्यायची, कारण त्याच्या प्रत्येक वाक्यात तीन पूल आणि एकही क्रियापद नसतं. पण मग बाईंनी संरक्षणाच्या थरांचा धडा घेतला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. संकट आणि माणूस यांच्यामध्ये एकच भिंत ठेवायची नाही, एकामागे एक भिंती ठेवायच्या. एकीला भोक पडलं तर दुसरी अडवेल. मी वर्गातच ओरडले, "माझा मामा हे रोज करतो!"

आणि लिहिलं तुझ्याबद्दल. अमोनियाच्या ओळीत "आजची नियंत्रणं" या रकान्यात क्रमांक एकला लिहिलंय : मिस्त्रींचं नाक. तेहतीस वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. विश्वासार्हता : अत्युच्च. क्रमांक दोनला गंधकाची वात. वर शेरा मारलाय की इतकं चांगलं नाक असूनही हा माणूस आपणहून दुसरा थर उभा करतो, याला म्हणतात सुरक्षेची संस्कृती. वर्ग आधी हसला, मग टाळ्या वाजल्या. बाई म्हणाल्या, "कागदावर न दिसणारं नियंत्रण शोधून काढलंस, हे महत्त्वाचं." मी दिवसभर हवेत होते, अजून आहे.

यंत्रांचं तू लिहायला सांगितलंस, पण मामा, मी तुला ओळखते. स्वतःचं कौतुक झालं की तू लगेच दुसऱ्याकडे बोट दाखवतोस. मी यंत्रांची शिफारस तिसऱ्या क्रमांकावर टाकली आहे, "सवडीने" असा शेरा मारून. जिथे तू आहेस तिथे भोंग्याची काय घाई? मालकांसाठी एक सुबक प्रत सोबत जोडली आहे. अब्रू सांभाळली आहे म्हणावं, वाढवलीच आहे.

तुझी,
भिंगरी (वर्गातली पहिली)


९ ऑक्टोबर

चि. भिंगरी,

वही मिळाली. अक्षर छान आहे.

मालकांनी वाचली आणि फार खूश झाले. त्यांनी ती पाहुण्यांना दाखवायला टेबलावर ठेवली आहे. यंत्रांची मागणी तूर्त थांबवली. "तुमच्या भाचीनंच सवडीने म्हटलंय, मग सवडीने घेऊ," म्हणाले.

मामी बरी आहे, म्हणजे चिडलेली आहे. परवा ती शेजारी गेली होती आणि दूध गॅसवर होतं. मी तिथेच पेपर वाचत होतो. ते करपून भांड्याला लागेपर्यंत मला पत्ता नाही. आल्याबरोबर ओरडली, "घरभर वास सुटलाय आणि हा माणूस राशीभविष्य वाचतोय!" कामाचा विचार चालू होता, दुसरं काही नाही.

गंधकाच्या वाती जास्तीच्या मागवल्या आहेत. आता संध्याकाळीही फिरवतो. तू परीक्षेकडे लक्ष दे, पत्राची घाई करू नकोस.

मामा


२ डिसेंबर

मामा,

सहामाही संपली. परीक्षा झाल्या, काल शेवटचं सादरीकरण झालं. हे पत्र नाचत लिहायचं होतं, पण तसं लिहिता येत नाही.

काल मी नोंदवही मांडली. सगळं मस्त चाललं होतं. शेवटी बाईंनी एकच प्रश्न विचारला : "नियंत्रण क्रमांक एक शेवटचं कधी तपासलं?" मी म्हणाले, "नाक कोण तपासतं?" सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अग्निशामक नळकांडं सहा महिन्यांनी तपासतो. खाणीतल्या दोराला दर महिन्याला वजन टांगतो. ज्या नाकावर तेरा जीव आहेत ते तू ऐकीव गोष्टीवर अत्युच्च ठरवलंस?" मी काहीतरी हुशारीचं उत्तर देऊन खाली बसले. मार्क चांगले पडलेत.

आज चिंतनाची फाईल लावायला तुझी पत्रं क्रमानं मांडली. आणि मामा, विमा कंपनीत मी बारा वर्षं हेच केलंय, लोकांनी लिहिलेलं वाचून न लिहिलेलं शोधणं. तुझी पत्रं मी इतक्या लाडानं वाचली की तसं वाचलंच नाही.

गंधकाच्या वासानं सगळे खोकतात, तुला त्रास होत नाही. दूध तुझ्या पुढ्यात करपलं. नाकाची गोष्ट सांगितलीस ती सतरा वर्षांपूर्वीची, या वर्षातली एकही नाही. आधी सकाळी वात, आता संध्याकाळीही. आणि यंत्रांची शिफारस कर म्हणून तू मला स्पष्ट सांगितलं होतंस, तो तुझा नम्रपणा नव्हता.

मामा, तुला वास येतो का?

येत नसेल तर ऐक. यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही. लाज मला वाटतेय. माझ्या "सवडीने"मुळे यंत्रं थांबली. ज्याचा मी डंका पिटत होते ते तपासलं नाही आणि तू मागत होतास ते दिलं नाही. पण आता तिथे रोज तेरा माणसं एका अशा भिंतीमागे काम करताहेत जी नाहीच आहे, आणि त्यातला एक तू आहेस. मालकांना तू सांग. पुढच्या शुक्रवारपर्यंत तुझं पत्र आलं नाही तर मी स्वतः त्यांना सांगेन, मग तू आयुष्यभर बोलला नाहीस तरी चालेल.

मला रडू येतंय, म्हणून इथेच थांबते.

भिंगरी


१० डिसेंबर

भिंगरी,

नाही येत.

एप्रिलमध्ये ताप आला होता ना, तेव्हापासून. आठ दिवस वाटलं सर्दी आहे. मग वाटलं येईल हळूहळू. एक दिवस मामीनं फिनेलनं फरशी पुसली आणि मी त्याच फरशीवर बसून तिला विचारलं, आज पुसली नाहीस का. तेव्हा कळलं. तिला तेव्हाही सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? तेहतीस वर्षं लोक मला बघून निर्धास्त राहिले. नाकच गेल्यावर मी कोण? एक म्हातारा, हातात पाना घेतलेला. त्यात तुझी वही आली. आयुष्यात पहिल्यांदा मला तुझा राग आला, आणि तीच वही मी उशाखाली ठेवली. दोन्ही खरं आहे.

तुझं पत्र वाचलं तेव्हा आधी मी चिडलो. तू मला धमकी देतेस म्हणून मामीला दाखवलं. ती वाचून म्हणाली, "बरोबर लिहिलंय पोरीनं. मी उद्या तुमच्याबरोबर येते." आली की! पहिल्यांदा कारखान्यात आली. मी मालकांना एकट्यात सांगणार होतो, ती म्हणाली, ज्यांच्या जिवाचा प्रश्न आहे त्यांना बोलवा. सगळे टाकीपाशी जमले. मी सांगून टाकलं.

मला वाटलं, संपलं. मग भुसाताई म्हणाल्या, "मिस्त्री, आम्हाला जून महिन्यापासून माहीत आहे."

म्हणे जूनमध्ये एक व्हॉल्व्ह किंचित गळत होता. मी त्याच्या शेजारी उभा राहून डबा खात होतो. भुसाताईंनी क्रेनवाल्याला खूण केली, त्यानं माझ्याशी काहीतरी निमित्तानं बोलून मला बाजूला नेलं आणि दुसऱ्यानं नट आवळला. तेव्हापासून त्यांनी आपापसात पाळ्या लावल्या होत्या. रोज माझ्या आधी अर्धा तास कुणीतरी एक जण येऊन सगळ्या नळांचा वास घेऊन जायचा. मग मी वात घेऊन यायचो आणि ते मुकाट्यानं खोकायचे. मला वाईट वाटू नये म्हणून! सहा महिने!

मी कपाळावर हात मारून घेतला. मामी रडली. मालक मात्र भडकले. "म्हणजे मिस्त्रींनी मला सांगितलं नाही आणि तुम्ही मिस्त्रींना सांगितलं नाही. एखाद्या दिवशी पाळीवाला आजारी पडला असता तर?" त्यांनी तिथेच उभं राहून यंत्रांसाठी फोन केला. वीस तारखेला बसताहेत. तोवर रोज दोघांनी उघडपणे वास घ्यायचा, वहीत सही करायची. मी अजूनही मिस्त्रीच आहे.

तुझ्या बाईंना सांग, तपासलं. नापास.

मामा


२१ डिसेंबर

माझ्या मामा,

तुझं पत्र मी खोलीत उभी राहून वाचलं, मग जिन्यात वाचलं, मग नर्सला फोन करून वाचून दाखवलं. तीही रडली आणि मग म्हणाली, "आमच्या वॉर्डात अगदी असंच होतं गं."

मी बाईंकडे गेले आणि म्हणाले, मला नोंदवही पुन्हा लिहायची आहे. त्या म्हणाल्या, मुदत संपली, आता बदललीस तर मार्क कमी होतील. म्हटलं, होऊ देत. झाले. मी आता वर्गात चौथी आहे आणि पहिली होते त्याहून दुप्पट खूश आहे.

अमोनियाची ओळ मी पुन्हा लिहिली. त्याखाली एक नवी ओळ घातली, जी कुठल्याही पुस्तकात मिळाली नाही. काय बिघडू शकतं : माणसं एकमेकांचं मन जपायला गप्प राहतात. शक्यता : फार मोठी. नुकसान : सगळं. "जबाबदार कोण" या रकान्यापाशी मी दोन दिवस अडकले. तुझं नाव लिहिलं, खोडलं. माझं लिहिलं, ते ठेवलं, कारण तू यंत्रं मागितलीस तेव्हा मीच कान बंद केले. मला तुझं कौतुक ऐकायचं होतं, तुझं म्हणणं नाही.

सहामाहीचं चिंतन म्हणून शेवटी चार पानं लिहायची होती. मी लिहिलं की ऑगस्टमध्ये मला वाटायचं, आपण संकटं शोधायला शिकतोय. पण संकट शोधणं सोपं आहे रे, ते नळात असतं, जॉइंटवर असतं. ज्याच्यावर आपला जीव आहे त्याला "तू ठीक आहेस ना?" असं विचारणं आणि उत्तर ऐकून घेणं, त्यासाठी पाच महिने आणि एक विद्यापीठ लागलं. संख्याशास्त्रही आलं, ते वेगळं.

बाईंनी आम्हाला पुढच्या सहामाहीसाठी एकेक कारखाना दिला. मला काय मिळालंय सांगू? काचेची भट्टी! परवा बघून आले. आत शिरल्याबरोबर तिथल्या म्हाताऱ्या भट्टीवाल्यानं अभिमानानं सांगितलं की तो नुसत्या ज्वाळेच्या रंगावरून उष्णता ओळखतो. मी त्याला म्हटलं, "काका, डोळे शेवटचे कधी तपासले?" तो असा काही भडकला! मग हसला. मग हळूच म्हणाला, "बरेच दिवस झाले." मामा, मला माझं काम सापडलं. मी त्याला दुसऱ्या दिवशी स्वतः डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले.

तू डॉक्टरकडे गेलास का? गेला नसशील. जा. मामीला सांगितलंय मी.

तुझी,
भिंगरी (वर्गातली चौथी)


१९ जानेवारी

चि. भिंगरी,

गेलो होतो. डॉक्टर म्हणतात येईलही, न येईलही. लवंग, लिंबू, कॉफी अशा बाटल्या रोज हुंगायला दिल्यात. मामी समोर बसून विचारते, "काय आहे?" मी अंदाजानं "लिंबू" म्हणतो आणि पकडला जातो.

काल भोंगा वाजला. पहिल्यांदाच, खराखुरा. मी कॉम्प्रेसरच्या खोलीकडेच निघालो होतो, हात दाराच्या कडीवर होता. एरवी सरळ आत गेलो असतो. फिरलो आणि बाहेर आलो, सगळेच आले. दोघांनी गॅसचे मुखवटे चढवून मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. एका जॉइंटचं पॅकिंग गेलं होतं.

आता आमचा नवा नियम असा आहे की फाटकापाशी भुसाताई माणसं मोजतात, आणि प्रत्येकानं मोठ्यानं सांगायचं, वास आला की नाही आणि कुठे आला. म्हणजे गळती कुठवर पसरली ते कळतं. एकेक जण सांगत गेला. क्रेनवाला म्हणाला, आला, टाकीपाशी. साचेवाला म्हणाला, आला, दारात. असं करत माझ्यापर्यंत पोचलं. नव्यानं लागलेली दोन माणसंही होती, त्यांना काही माहीत नव्हतं. भुसाताई वही घेऊन माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हणालो, "मला नाही आला. मला येत नाही."

त्यांनी लिहून घेतलं आणि पुढच्याला विचारलं. एवढंच. इतकं सोपं वाक्य होतं गं ते.

मामा